पवन्याचं रुप्याचं वाडगं

एका राज्यात राजा होता, पण सिंहासन रिकामं होतं. राजा जयकेतू धुक्याच्या दरीत उतरला, त्याला सात महिने झाले. त्याच्या शोधात गेलेले स्वार गोल गोल फिरून पुन्हा वेशीवरच येत. त्या दरीत डोळ्यांचं काही चालत नसे. चाललं असतं तर ते नाकाचं, आणि असं नाक राज्यात एकच होतं. राजाच्या कुत्र्याचं, पवन्याचं.

पवन्याच्या पंजात तेव्हा काटा मोडला होता, म्हणून राजा त्याला मागे ठेवून गेला. जाताना राणीला म्हणाला, "याला जप."

राणी रेणुमतीने जपलं. राजा गेल्यावर आठ दिवसांनी एक पाहुणा आला आणि पवन्यासाठी रुप्याचं वाडगं देऊन गेला. त्या वाडग्यातला दूधभात कधी सरत नसे. राणीला वाटलं, हा आशीर्वादच. वाऱ्यासारखा धावणारा पवन्या आता तीन पायऱ्या उतरला की धापा टाकत बसून राही.

मुदपाकखान्यातली यमुआक्का म्हणाली, "राणीसाहेब, हा कुत्रा की लोड? उद्या कुणीतरी टेकून बसेल."

राणी हसली नाही. तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. सज्जातून दारात, दारातून पेटीपाशी. पेटीत राजाचा शेला होता. त्याचा वास रोज थोडा थोडा उडत चालला होता. तो उडाला की माग संपला.

एके सकाळी सज्जावर साळुंकी येऊन बसली आणि बोलली.

"राणी, तो पाहुणा काजळ्या मांत्रिक होता. राजाला त्यानेच दरीत बांधलंय."

"मग सोडवू कसं?"

"तीन कामं आहेत. पवन्याला रोज चालव, आज जमेल त्याहून उद्या चार पावलं जास्त. त्याला मापाने घाल, तुझ्या मायेच्या मापाने नाही. आणि रोज तू त्या वाडग्याला एक हुकूम देतेस, तो थांबव."

"मी कधी हुकूम दिला?"

साळुंकी उडून गेली होती.

पहिलं काम राणीने स्वतः केलं. अनवाणी चालली. पहिल्या दिवशी तुळशीपर्यंत, मग हौदापर्यंत, मग वेशीपर्यंत. दुसरं काम जड गेलं. मोजून दोन मुठी भात घालायची, पवन्या तो चाटूनपुसून खायचा, आणि वाडगं पुन्हा काठोकाठ भरायचं. तिने वाडगं विहिरीत टाकलं, सकाळी ते उंबऱ्याशी हजर. तिने पवन्याला दुसऱ्या ताटलीत घातलं, तर वाडगं गडगडत तिथेही आलं. शेल्याचा वास आता फक्त एका कोपऱ्यात उरला होता.

त्या दुपारी पवन्याने भात संपवला. राणी तोंड उघडणार, तोच दारातून यमुआक्का ओरडली, "राणीसाहेब, मीठ वाढलं!"

आणि वाडगं भरलं.

राणी जागीच थबकली. त्या राज्यात, चांगल्या घरात, सरलेल्या जिनसाला कुणी संपलं म्हणत नसे. अशुभ नको म्हणून वाढलं म्हणत. तीही रोज रिकाम्या वाडग्यावर वाकून हेच म्हणत आली होती. बायका बोलत रीत म्हणून. वाडगं ऐकत होतं हुकूम म्हणून.

पवन्याने पुन्हा चाटूनपुसून खाल्लं. राणीने ओठ उघडले आणि मिटले. राजा गेल्यापासून तिने 'संपलं' हा शब्द महालात कुणाला उच्चारू दिला नव्हता. कुणी राजाबद्दलच तसं म्हणेल, ही धास्ती.

"नका म्हणू, राणीसाहेब," यमुआक्का पुटपुटली. "महाराज बाहेर आहेत."

"म्हणूनच म्हणते, आक्का."

तिने पवन्याच्या डोक्यावर हात ठेवला. "संपलं," ती म्हणाली.

वाडगं तडकलं आणि त्याची राख झाली. पवन्याने राख हुंगली, राणीकडे पाहिलं आणि शेपूट हलवलं. पुढच्या सकाळी दोघं वेशीच्या पलीकडे गेली.

शेवंती फुलली तेव्हा पवन्याच्या बरगड्या राणीच्या बोटांना लागू लागल्या. दिसत नव्हत्या, पण लागत होत्या. तिने शेला उलगडला. त्याने तो शेवटचा कोपरा हुंगला आणि सुटला. राणीच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला वारा. धुक्यातून तो एकदाही अडखळला नाही. एका वडाखाली राजा वेलींनी बांधलेला बसला होता. पवन्याने त्याचं तोंड चाटलं, तशा वेली गळून पडल्या आणि धुकं दरीतून उठून गेलं. त्याच्याबरोबर काजळ्याही गेला.

राजा पवन्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "छान जपलंस."

"उशिरा जपलं," राणी म्हणाली.

तेव्हापासून त्या राज्यात तेल वाढतं, मीठ वाढतं, डाळ वाढते. फक्त कुत्र्यामांजराच्या वाडग्यापुढे बसून बायका प्रेमाने म्हणतात, संपलं हो, आता फिरायला चल. पवन्याची कहाणी मात्र संपली म्हणायची नाही. कहाणी वाढली.