टोपलीचा आवाज

पायथन या संगणकाच्या भाषेच्या राज्यात कोणे एके काळी एक टोपली होती. वैजूताईंनी ती प्रोग्राममध्ये लिहिली होती आणि तिच्या पोटात काम करणारी फंक्शनं राहत. त्यांतल्या भर आणि काढ या दोघांना ताई दिवसभर नावानं हाका मारत. त्यांच्या शेजारच्या स्ट्रच्या नावाला पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोरच्या रेघा होत्या. एवढं सजवलेलं नाव, पण कधी कोणी घेतलं नाही.

“मग मला ठेवलंय कशाला?” त्यानं म्हाताऱ्या इनिटला विचारलं. प्रोग्राम चालला की टोपली तिच्याच हातून जन्माला यायची.

“मला तरी कोण हाक मारतं रे? वेळ आली की आपण हजर असतो.”

हे काही स्ट्रच्या डोक्यात शिरेना. तो रुसला आणि कॉमेंटची खूण अंगावर ओढून झोपला. ती खूण दिसली की पायथन तिकडे ढुंकूनही बघत नाही.

तेवढ्यात ताईंनी पडद्यावर लिहिणाऱ्या प्रिंटला टोपली दाखवायला सांगितली. एरवी ‘पाच आंबे, दोन पेरू’ सांगणारी टोपली बरळली, “मी एक वस्तू. मेमरीतला माझा पत्ता...” आणि पुढे अगम्य आकडे.

“बिघडली वाटतं. पुसूनच टाकते,” ताई वैतागल्या. इतक्यात त्यांना स्ट्रवरची ती खूण दिसली. त्यांनी ती काढली आणि प्रिंटला पुन्हा सांगितलं.

“पाच आंबे, दोन पेरू,” टोपली म्हणाली.

“शहाणी गं माझी टोपली!”

स्ट्र गोंधळून इकडेतिकडे बघत राहिला. याही वेळी त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं, पण आवाज तर त्याचाच होता.