अंतरपाट खाली आला तेव्हा

पाहुणे लग्नाला लग्न बघायलाच यायचे, त्या काळची ही गोष्ट. हेरंब आणि श्रीरंग या फोटोग्राफर भावांच्या बॅगेत दोन लेन्स राहायच्या. झूम बसल्या जागेवरून लांबचं जवळ आणायची. प्राइमला ते जमत नसे; तिच्यासाठी माणसालाच पुढे-मागे सरकावं लागे. पण त्याचाच तिला तोरा. "मी कुणासाठी बदलत नाही. अंधूक उजेडात माझ्यासारखा चेहरा टिपून दाखव!"

"आणि मांडवभर नाचायचं कुणी? हेरंबने?" झूम फिसकन हसायची.

मुग्धाच्या लग्नात पैज लागली. अंतरपाट खाली येताच नवरा-नवरी एकमेकांकडे पाहतात, तो क्षण जी पकडेल ती श्रेष्ठ.

मंगलाष्टकं संपत आली. प्राइमने हेरंबला भटजींना ओलांडून थेट नवरीच्या नाकासमोर नेलं. झूम श्रीरंगच्या हातात, शेवटच्या रांगेत ऐटीत बसली. मधल्या पाहुण्यांनी माना उंचावल्या. अंतरपाट खाली आला.

आठवड्याने मुग्धाची आई फोटो बघायला आली. प्राइमच्या फोटोत मुग्धा लेन्सकडे बघून गोड हसत होती. झूमच्या फोटोत हेरंबची पाठ होती, शर्टाच्या शिवणीसकट.

"अहो, पण जावई कुठे आहेत?" आईने विचारलं.

बॅगेत प्राइम म्हणाली, "फोटो उत्तमच आलेत गं. हल्ली लग्नंच नीट लावत नाहीत."

"नाहीतर काय!" झूम म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं.