जखऱ्याचं वाक्य

"...पण मग मरीयेला का नाही? तिनंही विचारलंच की. जखऱ्याचीच तेवढी वाचा गेली. हा न्याय कसला, बाबा?"

शांतवन वाचनपीठाशी उभा होता. टळटळीत दुपार, रिकामं चर्च. नाताळाआधीच्या आगमनकाळातला तिसरा आठवडा होता आणि रविवारच्या वाचनाची तालीम चालली होती. म्हातारा याजक जखऱ्या मंदिरात धूप जाळायला जातो, वेदीच्या उजव्या बाजूला देवदूत दिसतो, तुझ्या बायकोला मूल होईल असं सांगतो. म्हाताऱ्याचा विश्वास बसत नाही, 'हे कशावरून?' असं तो विचारतो, आणि मूल होईपर्यंत मुका होतो. पुढे येशूची आई होणारी मरीयाही त्याच देवदूताला 'हे कसं होईल?' असं विचारते, पण तिची वाचा जात नाही.

पहिल्या बाकावर आढावबाबा बसले होते. चाळीस वर्षं ते याच चर्चचे पाळक होते. आता दोन्ही डोळे गेले होते, पण वाचणाऱ्यांना तयार करायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं.

शांतवनच्या आवाजाला तालुक्यात तोड नव्हती. हे लोकांच्या आधी त्यालाच कळलं होतं.

बाबा म्हणाले, "देवदूत चांगला गरजला. जखऱ्याचं वाक्य मात्र तू गिळलंस."

"नाही, बाबा."

"परत वाच."

त्यानं वाचलं. 'कशावरून?' पाशी आवाज पुन्हा खाली गेला.

"घरी काय झालं?"

...

शांतवननं आढेवेढे घेतले आणि मग सांगून टाकलं. सकाळी चुलीपाशी सलोमीनं हळूच सांगितलं होतं, दिवस गेलेत. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. दोनदा आशा लागली आणि दोनदा मातीत गेली. ती हसत सांगत होती आणि हा म्हणाला, कशावरून? डॉक्टरचा कागद आण, मग बोल. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. त्यानंतर ती एक शब्दही बोलली नव्हती.

"मी काय चुकीचं विचारलं?" शांतवन म्हणाला. "मला तिसऱ्यांदा नाही सोसवणार, बाबा."

बाबा उठले. बाक चाचपत जवळ आले आणि आपला कोरडा तळवा त्यांनी त्याच्या तोंडावर ठेवला.

"ऐक."

बाहेर एक कावळा ओरडत होता. तोही थांबला.

मग वास आला. उदाचा. या चर्चमध्ये आजवर कुणी चिमूटभर ऊद जाळलेला नाही, आमच्यात ती रीतच नाही. पण वास दाट होत गेला.

त्याच्या उजव्या हाताला, अगदी जवळ, कुणीतरी श्वास सोडला.

"तुझ्या उजव्या बाजूला कोण उभं आहे?" बाबांनी विचारलं.

त्यानं मान वळवली. कुणी नव्हतं. वेदीवरचं पांढरं कापड तेवढं हलत होतं. खिडक्या बंद होत्या.

"मला दिसत नाही, म्हणून विचारतो. आज चौथा दिवस. तू वाचायला लागलास की येतो. तुझं संपायची वाट बघतो... आणि जातो."

बाबांनी हात काढला.

शांतवनला विचारायचं होतं, कोण? ओठ हलले. आवाज निघाला नाही. तो खाकरला, पण खाकरल्याचाही आवाज झाला नाही. त्यानं वाचनपीठावर मूठ आपटली. मूठ तेवढी वाजली.

तो विलक्षण घाबरला. रविवारी सगळी मंडळी त्याला ऐकायला येणार होती. त्यानं बाबांचा सदरा दोन्ही हातांनी धरला आणि लहान मुलासारखा रडू लागला, तेही बिनआवाजाचं.

बाबा बराच वेळ त्याचा हात थोपटत राहिले. उदाचा वास हळूहळू दाराकडे सरकत गेला.

"रविवारी दुसरं कुणी वाचेल," ते म्हणाले.

...

"भिऊ नकोस. घरी जा. सलोमीला अजून पुष्कळ सांगायचंय, ते ऐक."