सगुणाच्या छातीतले घाबरट पहारेकरी

“तू परी असशील तर तुझ्या घरची,” भागूआत्या म्हणाली. “माझ्या भाचीची दृष्ट काढायला मला कुणाची परवानगी नको.”

तिच्या पुढ्यात निखाऱ्यांची शेगडी होती आणि मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. समोर तांब्याच्या काठावर बोटाएवढी परी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचे पंख दवासारखे चमचमत होते, कधी निळे, कधी जांभळे. फक्त एका पंखाला काजळी लागली होती, आणि त्याचा तिला भयंकर राग आला होता.

दोघींच्या मधे बसली होती इवलीशी सगुणा. तिच्या छातीत पिपाणी वाजत होती.

आईबाप गेल्यापासून ती आत्याजवळच राहायची, झेंडूच्या मळ्याकडेच्या झोपडीत. मळा म्हणजे नुसतं सोनं सांडलेलं, केशरी सोनं आणि पिवळं सोनं. दोघी दिवसभर हार गुंफायच्या आणि संध्याकाळ झाली की सगुणाला धाप लागायची. डॉक्टरीणबाईंनी श्वासाचा पंप दिला होता, पण त्याची सवय लागते असं कुणीतरी म्हणालं, म्हणून आत्यानं तो पेटीत घालून कुलूप लावलं. आणि रोज मिरच्यांचा धूर सुरू केला. माया होती हो, मायाच होती. पण डोळे मिटून केलेली माया पायावर धोंडा पाडते.

आदल्या संध्याकाळी त्याच धुरानं गुदमरून परी झेंडूतून खाली पडली होती. सगुणाला स्वतःला श्वास पुरत नव्हता, तरी तिनं परीला ओल्या पानावर निजवलं आणि फ्रॉकच्या घेरानं वारा घातला. म्हणून आज परी आली होती तिची एक इच्छा पुरी करायला. नियम असा की स्वतःसाठी काही मागायचं नाही आणि कुणाचं वाईट होईल असं मागायचं नाही.

सगुणानं विचार केला. मग थांबत थांबत म्हणाली, “आत्याला माझ्या छातीतलं दाखव. पण ती घाबरेल असं नको दाखवूस.”

परीनं पंख झटकले, चंदेरी चुरा उडाला, आणि दोघी मोहरीएवढ्या झाल्या. परीच्या मागे आत्या थेट सगुणाच्या श्वासात शिरली.

आत एक उलटं झाड होतं, गुलाबी गुलाबी. बुंधा वर आणि फांद्या खाली. फांद्या म्हणजे पोकळ नळ्या, बारीक होत होत केसाएवढ्या झालेल्या. प्रत्येक नळीभोवती चिमुकले पहारेकरी पट्टे धरून उभे होते. तेवढ्यात झेंडूची पिवळी भुकटी आत आली, मागून शेगडीच्या धुराचा एक धागा आला. झालं. पहारेकरी ओरडले, चोर आले, आणि त्यांनी पट्टे करकचून आवळले. नळ्यांच्या भिंती रागानं फुगल्या. त्यांतून चिकट चिकट कफ पाझरला. वाट एवढी चिंचोळी झाली की वारा आत कसाबसा गेला, पण बाहेर येताना शिट्टी वाजवत अडकला.

“अरे मूर्खांनो, तो चोर नाही, झेंडू आहे,” आत्या त्यांच्यावर खेकसली. त्यांना काही ऐकूच येत नव्हतं.

परी म्हणाली, ते वाईट नाहीत, घाबरट आहेत. धूळ, धूर, गार वारा, कशालाही दचकतात. काही घराण्यांत असे पहारेकरी पिढ्यान् पिढ्या येतात. आत्याला माहेरचा अपमान सहन झाला नाही. तिचा भाऊ नुसता रोज सकाळी शिंकायचा, बाकी काही नव्हतं त्याला, असं तिनं ठणकावून सांगितलं. परी गालातल्या गालात हसली.

बाहेर येताच आत्यानं कुलूप काढलं आणि पंप सगुणाच्या हातात दिला. फुस्स. सगुणानं औषध आत ओढलं. जरा वेळानं पट्टे सैल झाले, पिपाणी मंद झाली. आत्याचे डोळे भरून आले.

आणि मग तिनं पुन्हा मिरच्या मुठीत धरल्या.

पंप दिला ना, आता दृष्टही काढते, दोन्ही करू, असं ती म्हणाली. परीनं कपाळावर हात मारला. भांडण परत पहिल्यापासून. आत्या सांगू लागली, ही विद्या आहे. शेजारच्या गंगूच्या बाळाची दृष्ट काढली तेव्हा मिरच्या जळून कोळसा झाल्या आणि कुणालाही ठसका लागला नाही. ठसका नाही म्हणजे दृष्ट होती, ठसका लागला म्हणजे नव्हती. परी म्हणाली, धूर तो धूर. आत्या म्हणाली, पंखवाल्यांना काय कळतंय.

पुढचं आधी सांगून टाकते. मिरच्या चटणीत गेल्या. शेगडी अंगणात गेली. पंप हाताशी राहिला, डॉक्टरीणबाईंकडे नेमानं जाणं सुरू झालं, आणि सगुणा नाकाला ओला रुमाल बांधून हार गुंफू लागली, कधी कधी तर वासरामागे पळूही लागली. परीनं काजळीचा पंख पुसला, सगुणाच्या कपाळाला टेकली, आणि सोनेरी उजेडाचा एक थेंब होऊन झेंडूत विरून गेली.

पण हे सगळं झालं ते सगुणामुळे. दोघी भांडत असताना तिनं एक लांब, मोकळा श्वास घेतला आणि हळूच म्हणाली, “आत्या, मला तर रोज ठसका लागतो, मग तुझ्याच विद्येप्रमाणे मला कधी दृष्ट लागलेलीच नाही ना?”