पायरी झालेला दगड

सन एकोणीसशे त्रेसष्ट. पौष महिना, कडाक्याची थंडी. बकुळीच्या पानापानावर दवाचे इवलेसे मोती होते आणि गजरीच्या अंगात एकच विटका झगा.

गजरी नऊ वर्षांची. आईबाप दोघेही गेलेले. शेजारच्या आंधळ्या अनशाआजीला ती रोज पहाटे झऱ्याचं पाणी आणून द्यायची. आजी तिला भाकरी द्यायची. बाकी दिवसभर तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं.

झरा बकुळीच्या बागेत होता. बाग गावाची, झराही गावाचा. झऱ्याभोवती पूर्वी एकतीस दगड गोल मांडलेले होते, घराला एक. दर पुनवेच्या सकाळी लोक आपापल्या दगडावर बसत. गावचा प्रश्न तीनदा विचारला जाई. एकानेही ‘नाही’ म्हटलं तर काम थांबे. मात्र ज्याचा दगड नाही, त्याला शब्द नाही.

ते दगड कोणी चोरले नाहीत. तुळाजी सरपंच गोड बोलायचा. थंडीत कशाला येता, मी आहे ना, म्हणायचा. लोकांना बरं वाटलं. हौसाबाईने आपला दगड धुण्याला नेला. भागा कुंभाराने बसायला नेला. आजीचा हंड्याखाली गेला. गजरीच्या आईचा दगड सरपंचानेच चार दिवसांसाठी उसना नेला आणि दाराची पायरी केली. शेवटी एक दगड उरला, सरपंचाचा.

या पुनवेला झऱ्याला फाटक बसवायचं ठरणार होतं. किल्ली सरपंचाकडे. मग आजीच्या घोटभर पाण्यासाठीही गजरीला त्याच्या दारात उभं राहावं लागणार होतं.

त्या पहाटे गजरी कळशी घेऊन आली, तेव्हा गवतात काहीतरी निळं थरथरत होतं. ती चिमुकली परी होती. गोकर्णीच्या फुलाएवढी. चतुराचे असतात तसे तिचे पंख दवाने भिजून चिकटले होते. गजरीने तिला ओंजळीत धरलं आणि हलके हलके फुंकर घातली. तिची स्वतःची बोटं गारठली, पण ओंजळ तिने सोडली नाही. पंख सुटले, सोनेरी चमचमले.

“तुझी ऊब मी उसनी घेतली,” परी म्हणाली. “ती फेडीन. एक माग. पण स्वतःसाठी मागायचं नाही. माणसाचं मन मी फिरवणार नाही. आणि उसनं नेलेलं मी आणणार नाही. नेलं त्यानेच ते परत करायचं.”

गजरीला आईचा दगड हवा होता. पण तो उसना गेलेला.

“बाकीच्यांचे दगड आण,” ती म्हणाली.

धुक्यातून दगड तरंगत आले. लाल, जांभळे, चांदीसारखे लुकलुकणारे. आपापल्या जागी अलगद बसले. एक जागा तेवढी मोकळी राहिली. माणूस मात्र एकही आला नाही. गजरी त्या मोकळ्या जागेपाशी एकटी उभी राहिली.

ऊन वर आलं, तसे लोक आले. रागावून आले. कोणाचं धुणं अडलं होतं, कोणाचा हंडा कलंडला होता. आपला दगड दुसऱ्याने उचलू नये म्हणून जो तो त्यावर बसला. आजीलाही कोणीतरी हाताला धरून आणून बसवलं.

सरपंच आला आणि थबकला. मग त्याने भरभर दोनदा विचारलं, फाटक बसवायचं ना. त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही,” आजी म्हणाली.

सरपंच हसला. “आजी, तुला दिसत नाही काय चाललंय ते.”

“दिसत नाही म्हणून तर ऐकते, तुळाजी. दोन वर्षं झाली, इथून एकाच माणसाचा आवाज येतोय.”

हौसाबाई धुण्याचा पिळा मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, रोज किल्ली मागायला तिला सवड नाही, तेव्हा तिचंही ‘नाही’च. भागा कुंभार नाही म्हणाला. मग नाही, नाही, असं गोल फिरत गेलं आणि मोकळ्या जागेपाशी थांबलं.

“इथं कोण बसतं?” आजीने विचारलं.

“पोरीच्या आईचा दगड होता,” भागा म्हणाला. “सरपंचांच्या दारात आहे.”

सगळे सरपंचाकडे बघत राहिले.

बकुळीच्या फांदीवर निळा ठिपका उजळला, सोनेरी झाला आणि उन्हात विरला. गजरीची बोटं उबदार झाली.

तुळाजी उठून घरी गेला. खांद्यावर दगड घेऊन आला. जागेवर ठेवला.