येसाईच्या पिवळ्या पाट्या

फार फार मागची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी अंजिरांच्या बागांचं एक गाव होतं. तिथली येसाई बुरडीण बांबूच्या पाट्या विणायची. त्या पाट्यांत भरून गावची अंजिरं तीन दिवसांच्या वाटेवरच्या राजधानीला जायची.

बांबूला भुंगा फार लागतो, आतून पोखरून त्याचं पीठ करतो. म्हणून येसाई पाट्यांना हरताळ, म्हणजे एका पिवळ्या दगडाची पूड, कालवून फासायची. सोन्यासारखा पिवळा रंग चढायचा आणि भुंगा जवळ फिरकायचा नाही. “पाटी घ्यावी तर येसाईचीच,” असं चार गावांत म्हणत.

एके वर्षी हैबती बागवान राजधानीहून तोंड पाडून परतला. “मावशी, आपली अंजिरं खाऊन लोकांच्या पोटात कळा येतात म्हणे. माल परत दिला त्यांनी. कुणाची नजर लागली बागेला, कोण जाणे!”

येसाईनं एक पाटी उपसली. वरची अंजिरं चांगली होती. तळाची मात्र पिकून पाटीला चिकटली होती, आणि त्यांच्या सालीवर पिवळा रंग उतरला होता. तो हरताळीचा रंग तिनं लगेच ओळखला.

ती गप्प बसली असती, तर कुणाला कळलंही नसतं. पण तिला जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी ती हैबतीच्या दारात उभी राहिली.

“नजर नाही, दादा. माझी हरताळ आहे. विषारी आहे हे ठाऊक होतं मला. पण पाटीला लावते, अंजिराला थोडीच, असं वाटायचं.”

हैबती खूप रागावला. मग शांत होऊन म्हणाला, “पण हरताळ न लावता पाटी टिकेल?”

नाहीच टिकली. भुंग्यानं पोखरलेले तळ वाटेतच फाटले. मग येसाईनं कडुनिंबाचा रस लावून पाहिला. भुंगा लागला नाही, पण अंजिरं इतकी कडू झाली की हैबतीच्या गाढवानंही तोंड फिरवलं.

येसाई हताश होऊन नदीकाठी बसली. तिथे एक म्हातारा कोळी मासे धरायचा बांबूचा सापळा धूत होता.

“बाबा, कधीचा हा?”

“माझ्या बापाच्या हातचा. वर्षातले आठ महिने छपराला टांगलेला असतो.”

“मग याला भुंगा कसा नाही लागला?”

“अगं पोरी, भुंगा येतो बांबूतल्या गोडव्यापायी. आम्ही आधी बांबू महिनाभर वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतो. गोडवा जातो वाहून. मग भुंग्यानं येऊन खायचं काय?”

येसाईनं तसंच केलं. दगड ठेवून बांबू नदीत बुडवले, महिन्यानं काढले, सावलीत वाळवले आणि पाट्या विणल्या. रंग फिका होता, पण वर्ष उलटलं तरी चिमूटभर पीठ पडलं नाही. हैबती माल घेऊन गेला आणि रिकाम्या पाट्या घेऊन हसत परतला. “मावशी, तळाची अंजिरंसुद्धा हातोहात गेली!”

आता लोक महिनाभर आधी सांगून ठेवू लागले, आणि आनंदानं थांबू लागले. दुसरे बुरूड विचारायला आले, “काय औषध लावतेस गं?”

येसाई म्हणाली, “लावत काही नाही. भुंग्याला हवं असतं, तेवढं काढून टाकते.” आणि तिनं सगळ्यांना नदीकाठी नेऊन दाखवलं.

तात्पर्य: ज्याची राखण करायची त्यालाच जी बाधते, ती राखण नव्हे.