खंडोजीची आयाळ

फार लांबच्या एका जंगलात एक सिंह राजा होता. म्हणजे परवापर्यंत होता. लांडग्यांच्या पंचायतीने त्याला लढाईत हरवलं, त्याचं मुंडकं उडवलं आणि जंगल आता जनतेचं झालं, असं जाहीर केलं.

सिंहाच्या दरबारात आयाळ लावूनच यायची रीत होती. ज्यांना ती नव्हती ते सुक्या गवताची बांधत. सगळ्यांत लांब आयाळ गोमाजीराव कोल्ह्यांची. ती उचलून धरायला मागून ससे चालत. पराभवाची बातमी आली त्या सकाळी जंगलभर गवताचे ढीग पडले. गाढवांनी ते मिटक्या मारत संपवले, त्यामुळे पुरावाही उरला नाही.

मग फर्मान निघालं: ज्याला आयाळ, तो राजाचा हस्तक, त्याचा पाणवठा जप्त. तपासाला समिती नेमली. अध्यक्ष गोमाजीराव.

समितीला अख्ख्या जंगलात एकच आयाळ सापडली, खंडोजी घोड्याची. ती जन्मजात होती.

"लढाईत कुणाच्या बाजूला होतास?" गोमाजीरावांनी विचारलं.

"पाणवठ्यावर होतो, साहेब. तो सोडला असता तर शिंगरं तहानेनं मेली असती."

"म्हणजे राजाविरुद्ध लढला नाहीस! मित्रहो, असल्या तटस्थांनीच या जंगलाचं वाटोळं केलं!"

"केलं, केलं!" ससे ओरडले.

खंडोजीने खडकावर मान घासघासून आयाळ काढली. मान रक्तबंबाळ झाली, पण पाणवठा वाचला. त्या आनंदात त्याला काही वाटलं नाही. मला मात्र ते आठवलं की अजून संताप येतो.

हिवाळा आला. लांडग्यांचे पुढारी भैरोजी यांना राजा व्हायचंच नव्हतं, तसं ते रोज सांगत. पण थंडी फार होती आणि सिंहाची आयाळ नुसती पडून होती. जनतेची मालमत्ता वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ती गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी सगळं जंगल गवताच्या नव्या आयाळी लावून हजर.

उघड्या मानेचा एकटा खंडोजी. समिती पुन्हा बसली.

"साहेब, तुमच्यासमोरच तर काढली!"

"जुनं उकरून काढू नकोस," गोमाजीराव प्रेमाने म्हणाले. "आपल्याला पुढं जायचंय."

पाणवठा जप्त झाला आणि देखभालीसाठी गोमाजीरावांकडे गेला. शिंगरांना आता भैरोजींचा जयजयकार केल्यावर पाणी मिळतं, तेही उरलं तर.

पुढची लढाई कोण जिंकेल, हे जंगलात कुणालाच ठाऊक नाही. त्यानंतरच्या समितीचा अध्यक्ष कोण असेल, हे मात्र शिंगरांनाही ठाऊक आहे.